केनियाला अणुवीज हवी असेल तर आधी काय तयार हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही बरीच वर्षं नैरोबीत आहात, विजेच्या कंत्राटी कामात आहात. केनिया सरकार अणुवीज केंद्र उभारायचं म्हणतंय आणि त्यावरून तिथल्या मराठी मंडळींच्या बैठकीत वाद रंगला: अणुभट्टी रशियाची घ्यावी, कोरियाची की चीनची? कुणी म्हणालं, भारताला वीस वर्षं लागली. कुणी म्हणालं, अमिरातीने बारा वर्षांत करून दाखवलं. मग केनियाला किती लागतील, आणि देशाने सुरुवात कुठून करायची? शेवटी तुम्ही मुलीबद्दलही विचारलं आहे. ती इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकते, तिने या क्षेत्रात जावं का? त्याचं उत्तर शेवटी देतो, कारण ते बाकीच्यावर अवलंबून आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं म्हणणं किती गाळून घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी सदतीस वर्षं भारतातल्या अणुवीज केंद्रांत काढली. पहिली वीसेक भट्टी चालवण्यात आणि नंतरची भट्टी चालवणाऱ्यांना शिकवण्यात, त्यांच्या परीक्षा घेण्यात. त्यामुळे माझा कल माणसं आणि ग्रिड, म्हणजे विजेचं देशभरचं जाळं, यांच्याकडे जास्त आहे. पैशांची बाजू मी टेबलाच्या पलीकडून पाहिली आहे, तिथे माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत.

रशियन की कोरियन, हा वाद म्हणजे बाजारात तुरी. त्या घरी येईपर्यंत बरंच काही व्हायचं आहे. बाजारात आज मिळणाऱ्या मोठ्या भट्ट्यांमध्ये फरक आहेत, पण नवख्या देशाचं घोडं पेंड खातं ते भट्टीच्या जातीमुळे नाही. अडतं कुठे ते आधी पाहू.

एक अणुवीज केंद्र म्हणजे बांधायला सात-दहा वर्षं, चालवायला साठ, मग मोडीत काढायला आणि कचरा सांभाळायला आणखी कित्येक दशकं. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. तेव्हापासून आजवर जेवढा काळ गेला, साधारण तेवढा काळ ही भट्टी चालणार. या काळात किती सरकारं येतील-जातील, किती अर्थमंत्री बदलतील, मोजा. म्हणून खरा प्रश्न असा आहे की सरकार कुठलंही असलं तरी हे केंद्र नीट चालवणारी, आणि गरज पडली तर थांबवणारी, व्यवस्था देशात उभी राहील का. माझा सगळा भर त्या ‘थांबवणारी’ या शब्दावर आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने नवख्या देशांसाठी एक वाट आखून दिली आहे. तीन टप्पे आणि एकोणीस विषय. पहिल्या टप्प्यात देशाने नीट विचार करून निर्णय घ्यायचा, दुसऱ्यात निविदा काढण्याइतकी तयारी करायची, तिसऱ्यात बांधून चालवायला सज्ज व्हायचं. कायदा, नियामक, ग्रिड, मनुष्यबळ, जागा, पैसा, इंधन, कचरा, आणीबाणीची तयारी, लोकांशी संवाद असे ते विषय आहेत. सगळ्याला दहा ते पंधरा वर्षं धरतात. देशाने बोलावलं की संस्थेचं पथक येऊन तयारी तपासून जातं. केनियात असं पथक २०१५ मध्येच येऊन गेलं आहे. यादी उत्तम आहे, मीही शिकवताना तीच वापरतो. पण एकोणीस चौकोनांत बरोबरच्या खुणा झाल्या म्हणजे देश तयार झाला असं नाही. ‘नियामक संस्था स्थापन केली’ अशी खूण एका अधिसूचनेने होते. त्या संस्थेत कंत्राटदाराचा अहवाल वाचून त्यातली चूक शोधणारा माणूस यायला दहा वर्षं लागतात.

आता ग्रिड. हा तुमचाच विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

केनियाची कमाल मागणी आज सव्वादोन-अडीच हजार मेगावॅटच्या घरात आहे आणि मध्यरात्री ती बरीच खाली येते. आमच्या धंद्यात एक ढोबळ नियम आहे: कुठलाही एक संच ग्रिडच्या दहा टक्क्यांहून मोठा नसावा, कारण तो कुठल्याही क्षणी, पूर्वसूचना न देता, ट्रिप होऊ शकतो, म्हणजे आपोआप बंद पडू शकतो, आणि उरलेल्या ग्रिडला तो धक्का पचला पाहिजे. बाजारातल्या मोठ्या भट्ट्या हजार ते साडेसोळाशे मेगावॅटच्या आहेत. म्हणजे आजच्या केनियाच्या ग्रिडवर ती भट्टी बसवली तर देशाची चाळीस टक्क्यांहून जास्त वीज एका शाफ्टवर फिरणार. तो शाफ्ट थांबला की काय होईल, हे २५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री तुम्ही मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं असेल. त्या वेळी तर मोठी भट्टी कुठेच नव्हती.

माझ्या तरुणपणीची एक रात्र सांगतो. पावसाळा, ड्यूटीवर मी. तेव्हा आपल्याकडे ग्रिडची वारंवारता पन्नास हर्ट्झच्या आसपास राहत नसे, तिचा झोका अठ्ठेचाळीसपासून एक्कावन्नच्या पुढेपर्यंत चाले. दूर कुठेतरी लाइन पडली, वारंवारता कोसळली, टर्बाइन ट्रिप झालं आणि पाठोपाठ भट्टीही बंद झाली. आमच्यात काहीच बिघाड नव्हता. पण भट्टी बंद पडल्यावर तिच्यात झेनॉन नावाचा वायू साचत जातो आणि तो न्यूट्रॉन गिळत राहतो. आमच्या जडपाण्याच्या भट्टीत पुन्हा सुरू करायला जेमतेम अर्धा तास हाताशी असतो. तो हुकला की झेनॉन विरेपर्यंत साधारण छत्तीस तास बसून राहायचं. ग्रिड सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच केंद्रावरून फोन आला, “केव्हा येताय?” मी म्हणालो, “परवा.” पलीकडचा माणूस काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याचंही बरोबर होतं. ज्या ग्रिडला त्या रात्री आमची सर्वांत जास्त गरज होती, त्याच ग्रिडने आम्हाला बाहेर फेकलं होतं.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. ग्रिडला भट्टी लागते तशी भट्टीलाही ग्रिड लागतो. भट्टी बंद केली तरी इंधनातली उष्णता लगेच संपत नाही. बंद केल्याच्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते. तीन हजार मेगावॅट औष्णिक क्षमतेच्या भट्टीत हे दोनशे मेगावॅट झाले. ती उष्णता काढायला पंप हवेत आणि पंपांना वीज हवी. डिझेल जनरेटर असतातच, पण जिथे ग्रिड वारंवार जातो तिथे त्या जनरेटरवर वारंवार विसंबावं लागतं, आणि सुरक्षेच्या हिशेबात ते फार महाग पडतं.

तुर्काना सरोवराजवळच्या पवनचक्क्यांची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल. ३६५ पवनचक्क्या, ३१० मेगावॅट, २०१७ मध्ये उभ्या राहिल्या. सुसवा उपकेंद्रापर्यंतची चारशेहून अधिक किलोमीटरची लाइन मात्र तयार नव्हती, तिचा मूळ कंत्राटदार दिवाळखोरीत गेला होता. लाइन यायला २०१८ उजाडलं आणि मधल्या काळात न वापरलेल्या विजेचे पैसे द्यावे लागले. पवनचक्की वाट पाहू शकते. कर्ज काढून बांधलेली भट्टी वाट पाहत बसली तर तिचं व्याज देशाला पाहत बसावं लागतं. बांगलादेशातही रूपपूरच्या भट्ट्या उभ्या राहत असताना नदी ओलांडून जाणाऱ्या लाइनचं काम मागे पडलं होतं. नवख्या देशांत हे इतकं नेमाने घडतं की मी आता प्रशिक्षणात पहिला प्रश्न हाच विचारतो: लाइन कोण बांधतंय, आणि त्याचा मुख्य अभियंता या खोलीत का नाही?

मग केनियाने काय करावं? दोन वाटा दिसतात. पहिली, ग्रिड मोठा होऊ देणं आणि शेजाऱ्यांशी जोडणं. इथिओपियाहून आलेली उच्चदाबाची एकदिश प्रवाहाची (डीसी) लाइन दोन हजार मेगावॅट वाहू शकते, टांझानियाशीही जोडणी झाली आहे. पूर्व आफ्रिकेचा ग्रिड खरोखर एक होऊन चालू लागला तर हजार मेगावॅटच्या संचाचा विचार करता येईल. दुसरी वाट, लहान भट्टी. दहा टक्क्यांच्या नियमाने केनियाला आज सव्वादोनशे मेगावॅटचा संच बसतो. गंमत म्हणजे हा आकार आपल्याला तोंडपाठ आहे. रावतभाटा, कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार, कैगा इथे आपण २२० मेगावॅटच्या डझनाहून अधिक भट्ट्या बांधल्या, त्याचं एक कारण तेव्हाचे आपले ग्रिडही लहानच होते. पण आजवर आपण एकही बाहेर विकलेली नाही, त्यामुळे यावर आत्ताच स्वप्नं रंगवू नका. आणि सध्या ज्या लहान मॉड्युलर (कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडायच्या) भट्ट्यांची चर्चा आहे, त्यांच्याबाबत माझा सल्ला एवढाच की पहिलं गिऱ्हाईक होऊ नये. अमेरिकेत अशा भट्ट्यांचा सर्वांत पुढे गेलेला एक प्रकल्प खर्च वाढत गेल्यामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. कुणीतरी आपल्या देशात दोन-चार वर्षं चालवून दाखवू दे, मग बघू.

इथपर्यंतचं सार असं: भट्टीचा आकार ग्रिड ठरवतो, आणि ग्रिड तयार नसेल तर विक्रेत्याशी बोलणी करण्यात अर्थ नाही.

आता नियामक आणि माणसं. अमिरातीचं उदाहरण तुमच्या मित्रांनी दिलं ते योग्यच आहे, पण त्यातला महत्त्वाचा भाग कुणी सांगितलेला दिसत नाही. अमिरातीने एप्रिल २००८ मध्ये धोरण जाहीर केलं. त्यात युरेनियमचं समृद्धीकरण आणि वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया (ज्यांतून अण्वस्त्रांची वाटही निघते) आम्ही करणार नाही, असं स्वतःहून लिहून दिलं. २००९ मध्ये कायदा, नियामक आणि केंद्र उभारणारी कंपनी, अशा तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या उभ्या केल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कोरियन कंपनीला बराका इथल्या १,४०० मेगावॅटच्या चार संचांचं काम दिलं. नियामकाच्या प्रमुखपदी बसवलेले विल्यम ट्रॅव्हर्स अमेरिकेच्या अणुनियामक आयोगात वरिष्ठ पदावर राहिलेले गृहस्थ होते. २०१२ मध्ये बांधकाम सुरू झालं. पहिला संच २०१७ मध्ये चालू व्हायचा होता.

तो झाला नाही. मार्च २०१८ मध्ये बांधकाम पूर्ण झाल्याचा समारंभ कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत पार पडला, आणि त्यानंतर ती तयार भट्टी जवळजवळ दोन वर्षं इंधनाविना उभी राहिली, कारण चालवणारे लोक आणि चालवणारी संस्था अजून पुरेशी तयार नव्हती. परवाना मिळाला फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि त्या ऑगस्टमध्ये वीज ग्रिडवर गेली. वर्तमानपत्रांनी तीन वर्षांचा उशीर म्हणून लिहिलं. माझ्या दृष्टीने बराकाच्या सगळ्या इतिहासात अभिमान वाटावा असा भाग तोच आहे. अब्जावधी डॉलरची भट्टी तयार आहे, पाहुणे येऊन फीत कापून गेलेत, आणि तरीही ‘अजून नाही’ असं म्हणायची त्या देशाची तयारी होती. चारही संच २०२४ पर्यंत चालू झाले आणि आज देशाची पाव वीज तिथून येते.

केनियाच्या कुठल्याही बैठकीत तुम्हाला एकच प्रश्न विचारायची संधी मिळाली तर हा विचारा: भट्टी बांधून तयार आहे, निवडणूक सहा महिन्यांवर आहे, आणि परवाना द्यायचा नाही असं नियामकाला वाटतंय. त्याची सही न घेता पुढे जायचा काही मार्ग कायद्यात आहे का? कायद्यात नसला तरी व्यवहारात आहे का? २०१९ च्या कायद्याने तिथे स्वतंत्र नियामक आला आहे, हे चांगलंच झालं. पण त्याचा खरा कस अजून लागायचा आहे.

आपणही यात आदर्श नाही, हेही सांगतो. तारापूर १९६९ मध्ये चालू झालं आणि अणुऊर्जा नियामक मंडळ आलं १९८३ मध्ये. चौदा वर्षं आपण घरच्याच माणसांच्या समित्यांवर भागवलं. आपल्याला तारलं ते दुसऱ्याच गोष्टीने: माणसं आधी तयार होती. तुर्भ्याची अप्सरा ही संशोधन भट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये चालू झाली, प्रशिक्षण शाळेची पहिली तुकडी १९५७ मध्ये बसली, आणि तारापूरचा करार झाला १९६४ मध्ये. म्हणजे अमेरिकी कंपनीचे लोक आले तेव्हा समोर प्रश्न विचारणारे तरुण बसलेले होते. मी त्याच शाळेतून बाहेर पडलो, थोडा पक्षपात समजून घ्या. भारताला ‘वीस वर्षं लागली’ म्हणतात त्यातली बरीचशी या कामात गेली. तारापूरचं प्रत्यक्ष बांधकाम पाचेक वर्षांत उरकलं होतं.

अमिरातीने ही माणसं जगभरातून पगार देऊन आणली आणि दरम्यान आपली मुलं कोरियात, अमेरिकेत शिकवली. केनियाला तेवढा पगार परवडणार नाही, म्हणून त्यांना वेळ द्यावा लागेल. नुकता पदवीधर झालेला मुलगा कंट्रोल रूममध्ये शिफ्टचा प्रमुख म्हणून बसायला माझ्या अनुभवात आठ वर्षं सहज लागतात, हुशार असला तरी. भट्टी बांधायलाही साधारण तेवढाच काळ लागतो. म्हणजे काँक्रीट ओतायच्या दिवशी ती मुलं नोकरीला लागलेली असायला हवीत, आणि त्यांना शिकवणारे त्याच्याही आधी.

परवाना परीक्षेची एक आठवण आहे. समोरचा मुलगा त्याच्या तुकडीत पहिला आलेला. आकृत्या तोंडपाठ, गणितं बिनचूक. मी विचारलं, “दोन मीटर दोन वेगळ्या गोष्टी सांगतायत, दहा सेकंद आहेत, काय करशील?” तो म्हणाला, “साहेबांना फोन करीन.” आम्ही त्याला नापास केलं. दुसऱ्या दिवशी केंद्रातून मला फोन, “अहो, एक माणूस कमी पडतोय, बघा ना काही जमतंय का.” मी म्हटलं, जमत नाही. आठ महिन्यांनी तो पुन्हा आला आणि तेव्हा म्हणाला, “भट्टी बंद करीन, मग फोन करीन.” पास. आपल्याकडे आणि आफ्रिकेतही वरिष्ठांना विचारल्याशिवाय हात न हलवण्याचे संस्कार घरातूनच होतात. एरवी ते गोड वाटतात, पण कंट्रोल रूममध्ये ते काढून टाकावे लागतात, आणि हे काढून टाकण्याचं काम कुठल्याही विक्रेत्याच्या कंत्राटात येत नाही.

याचा उपयोग काय, ते नरोऱ्याने दाखवलं. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे तिथे टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबल जळाल्या आणि केंद्र सतरा तास पूर्ण अंधारात गेलं. भट्टी बंद झाली होती, पण पंप नव्हते. तिथल्या लोकांनी टॉर्च घेऊन वर चढून न्यूट्रॉन शोषणाऱ्या बोरॉनचे व्हॉल्व्ह हाताने उघडले आणि अग्निशमनाचे डिझेल पंप लावून बाष्पजनित्रांना पाणी पुरवलं. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. ही कामं त्या रात्री कुणाला विचारून झाली नसतील, असं मी खात्रीने म्हणतो, कारण त्या अंधारात विचारायला होतं कोण?

पैशांबद्दल थोडक्यात, कारण मी म्हटलं तसा तो माझा प्रांत नाही. अणुवीज महाग पडते ती मुख्यतः व्याजामुळे. समजा केंद्राला सहा अब्ज डॉलर लागले आणि व्याजदर सात टक्के आहे. सगळा पैसा गुंतल्यावर एक वर्ष उशीर झाला तर बेचाळीस कोटी डॉलर नुसत्या व्याजाचे. म्हणून लाइन, परवाना, माणसं यांच्यातल्या प्रत्येक ढिलाईला किंमत आहे. बांगलादेशाने साडेबारा अब्ज डॉलरहून मोठा करार केला, त्यातले नव्वद टक्के रशियाचं कर्ज. तुर्कस्तानने अक्कुयूत दुसरी वाट धरली. रशियन कंपनीनेच बांधायचं, तिनेच मालक राहायचं, आणि ठरलेल्या दराने वीज विकायची. तिथे कर्ज डोक्यावर येत नाही, पण देशाच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या मालकीचं केंद्र उभं राहतं. कुठली वाट बरी, हे देशाची आर्थिक पत किती यावर अवलंबून आहे. फिलिपिन्समधल्या बतानचं केंद्र मात्र सगळ्यांनी डोळ्यांसमोर ठेवावं: सहाशेहून अधिक मेगावॅटची भट्टी बांधून पूर्ण झाली, १९८६ मध्ये सरकार बदललं, चेर्नोबिल झालं, आणि तिच्यात इंधन कधीच भरलं गेलं नाही. कर्ज फेडत राहिले २००७ पर्यंत.

इंधनाची भीती लोकांना वाटते त्यापेक्षा कमी आहे. हजार मेगावॅटच्या भट्टीला वर्षाला पंचवीस टनांच्या आसपास इंधन लागतं, दोन-तीन वर्षांचं आधी आणून ठेवता येतं. भीती आहे ती एकाच पुरवठादाराची. तारापूरचं इंधन अमेरिका देणार असं करारात होतं. १९७४ च्या पोखरणनंतर आणि १९७८ च्या अमेरिकी कायद्यानंतर ते अडलं, मग फ्रान्सकडून घ्यावं लागलं. केनियाने अण्वस्त्रं न बनवण्याबाबतचे सगळे करार नीट पाळले तरी दुसऱ्या पुरवठादाराचं दार कंत्राटातच उघडं ठेवावं. वापरलेलं इंधन परत नेणार का, हेही पहिल्याच बैठकीत विचारावं. बांगलादेशाने ते रशियाकडून लिहून घेतलं आहे.

जागेबद्दल बोलताना कोकणातला माणूस गप्प बसू शकत नाही. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफीत उयोम्बोच्या लोकांनी विरोध केला, २०२४ मध्ये पोलिसांशी झटापट झाली, आणि आता सरकारचा रोख व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या सियायाकडे वळला आहे. बातम्या वाचताना मला सतत आपल्या जैतापूर प्रकल्पाजवळची माडबन आणि साखरी नाटे ही गावं आठवत होती. जैतापूरला तुमच्या उयोम्बोसारखेच मच्छीमार होते, आणि त्यांचा पहिला प्रश्न किरणोत्सर्गाचा नव्हताच. समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळी जाईल का, आणि सुरक्षेच्या नावाखाली होड्यांना वाट बंद होईल का, हे त्यांना हवं होतं. ९,९०० मेगावॅटचा आराखडा तयार होता, जमीन घेतली गेली, एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात एक माणूस गेला, आणि भट्टी अजून उभी नाही. तारापूरच्या नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली, त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण उच्च न्यायालयात गेलं. आमच्या क्षेत्रातले बरेच लोक अजूनही म्हणतात की लोकांना विज्ञान समजावलं की विरोध मावळतो. मला ते पटत नाही. माझ्या पाहण्यात लोकांना विज्ञान बऱ्यापैकी समजतं, सरकारच्या शब्दावर त्यांचा विश्वास नसतो, आणि त्याला त्यांच्याकडे कारणं असतात. सियायात जागा ठरवण्याआधी बोलणं झालं तर तो संवाद, ठरल्यावर झालं तर ती समजूत घालणं, आणि हा फरक गावाला पहिल्याच सभेत कळतो.

मग केनियाला किती वर्षं? २०१० मध्ये तिथे या कामाची समिती नेमली गेली, म्हणजे कागदावर पंधरा वर्षं होऊन गेली. २०३४ चं लक्ष्य बोललं जातं, ते मला जमेलसं दिसत नाही. आज जागा पक्की झाली, ग्रिडचं काम सुरू झालं आणि नियामकात माणसं भरली गेली, तर २०४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वीज येऊ शकेल. केनियाच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, तिचा उल्लेख फारसा कुणी करत नाही. ओल्कारियाच्या भूऔष्णिक केंद्रांवर तिथल्या लोकांनी १९८१ पासून वाफेची टर्बाइनं चालवली आहेत, आणि देशाची चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज आज भूऔष्णिक केंद्रांतून येते. वाफ, टर्बाइन, वेल्डिंगची तपासणी, चोवीस तासांच्या शिफ्ट या गोष्टी त्यांना नव्या नाहीत. पण त्यामुळेच उलटा प्रश्नही उभा राहतो: जमिनीखालची वाफ अजून शिल्लक असताना अणूची घाई कशासाठी? याचं उत्तर माझ्याकडून नको, तिथल्या वीज नियोजन करणाऱ्यांनी आकडे मांडून द्यायला हवं.

आता मुलीबद्दल. व्हिएतनामने २००९ मध्ये अणुकार्यक्रम मंजूर केला, शेकडो मुलं रशियात शिकायला पाठवली, २०१६ मध्ये कार्यक्रम रद्द केला आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू केला. मधल्या काळात त्या मुलांनी मिळेल ते काम धरलं. म्हणून पदवीला ‘अणु’ हा शब्द लागलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. तिने पॉवर सिस्टिम घ्यावं, त्यातही ग्रिडचं संरक्षण (प्रोटेक्शन) आणि स्थिरता. भट्टी आली तर त्या विषयाची माणसं सर्वांत आधी लागतील, नाही आली तरी पवन, भूऔष्णिक आणि इथिओपियाची लाइन आहेच. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं नॅशनल कंट्रोल सेंटरमध्ये रात्रपाळ्या करायला मिळाल्या तर पगार न बघता कराव्यात. आणि पुढे कधी नियामक संस्थेची जाहिरात निघाली तर अर्ज जरूर टाकावा. पगार कंपनीपेक्षा कमी असेल, घरचे नाकं मुरडतील, तुम्ही मुरडू नका.